मॅडमच्या चष्म्याचा ब्रेक

आमच्या डिपार्टमेंटचं सिंक दर वर्षी तुंबतं. मुद्दाम त्यात कुणी काही टाकत नाही. कधी जंतू वाढवायचं थोडं आगर जातं, कधी कापसाचा बोळा, कधी कुणाचा तरी चहाचा चोथा. मग एक दिवस नळ सोडला की पाणी काठापर्यंत येतं आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघतो. किस्स्यांचंही तसंच आहे. ते गोळा करायला कुणी बसत नाही, ते आपोआप साचतात. परवा नवीन जॉइन झालेल्या एका पोरानं स्टाफरूममध्ये सहज विचारलं, "सर, हा दोरा बांधलेला जुना चष्मा कुणाचा हो? टाकून देऊ का?"

शेख सर जागचे उठले. "अरे बाप्पा! हात नको लावू त्याला!"

झालं! पाणी काठापर्यंत आलं.

आधी ओळख करून देतो. परतूरच्या एका कॉलेजात मी मायक्रोबायोलॉजी शिकवतो. नाव सोनवणे. शेख सर केमिस्ट्रीचे, पण त्यांच्या खोलीतला पंखा चालत नाही म्हणून ते कायम आमच्याकडे असतात. आता पंखा दुरुस्त झालाय, तरी असतात. आणि आमच्या हेड म्हणजे गायके मॅडम. दारावर पाटी आहे, 'प्रा. डॉ. इंदुमती गायके'. पण इंदुमती वगैरे म्हणायची छाती आख्ख्या तालुक्यात कुणाची नाही.

मी पीएचडी केलीय ती ब्रेकवर. गाडीच्या नाही, शरीराच्या. आपल्या अंगात टी-पेशी नावाचे शिपाई फिरत असतात. परकं काही दिसलं की तुटून पडतात. पण हे शिपाई उठसूट तुटून पडायला लागले तर आपल्यालाच खातील. म्हणून त्यांच्या अंगावर थांबायची बटणं असतात. त्यांना म्हणायचं इनहिबिटरी रिसेप्टर. ते बटण दाबणारी वस्तू समोरच्या पेशीच्या अंगावर असते, ती लिगँड. लिगँड बटणावर बसलं की शिपाई गप्प. यातल्या पीडी-वन नावाच्या एका बटणावर मी तरुणपण घालवलं. बाकी मला काही येत नाही, आणि हेही किती येतं ते पुढं कळेलच.

*

पीएचडी झाली तेव्हा पेढे घेऊन गावाकडं गेल्तो. गाव आमचं अंबड तालुक्यात. अण्णा, म्हणजे माझे वडील, चौकातल्या हॉटेलात चहा घेत बसले होते. भोवती त्यांचं मंडळ. मला बघून त्यांची छाती अशी फुगली की मलाच लाज वाटली.

"हं, आता सांग यांना," अण्णा म्हणाले, "इतके वर्ष तू काय केलं ते."

"आपल्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, अण्णा."

"बराबर."

"त्यांना थांबवणारं एक बटण असतं. त्याचा अभ्यास केला."

"थांबवणारं?"

"हो."

"लढणाऱ्याला?"

"हो."

अण्णांनी तोंडाजवळ नेलेला पेढा परत खोक्यात ठेवला. "म्हंजे तू रोगाच्या पार्टीत गेला म्हण की!"

हॉटेलात एकच हशा. मी समजावायला गेलो तर जास्तच चिखल झाला. आजही गावात कुणाला ताप आला आणि मी समोरून गेलो की माणसं माझ्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं बघतात. निवडणुकीत विरोधात काम केल्यावर बघतात ना, तशी.

*

कॉलेजातलं माझं पहिलं लेक्चर. विषय माझाच. मी भलताच खुशीत. पाहतो तर शेवटच्या बाकावर गायके मॅडम येऊन बसलेल्या. नवीन माणसाचं पहिलं लेक्चर त्या नेहमी ऐकतात, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. 

तरी मी रेटलं. "समजा, टी-पेशी म्हणजे तुमची मोटरसायकल. भरधाव निघालीय. तिला ब्रेक नको का? तो ब्रेक म्हणजे रिसेप्टर!"

पोरं खूष. मीही खूष.

पहिल्या बाकावरची एक पोरगी उठली. "सर, ब्रेक कोण दाबतं?"

"समोरची पेशी. तिच्या अंगावरचं लिगँड."

"म्हणजे सर, मी गाडीवर चालले, आणि समोरून येणारा माणूस माझा ब्रेक दाबून राह्यला?"

वर्ग असा हसला की शेजारच्या फिजिक्सवाल्यानं दार लावून घेतलं. मी गाडी सावरायला गेलो. आधी समोरच्या माणसाला ट्रॅफिक पोलीस केलं, मग त्या पोलिसाला मागच्या सीटवर बसवलं. मला आता कुठंही थांबता येईना.

तेव्हा पहिल्यांदा ते घडलं. मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि शांतपणे बाकावर ठेवला. बस, एवढंच. वर्ग चिडीचूप! पोरं चिडीचूप, शेजारचं फिजिक्स चिडीचूप, आणि मी तर वाक्याच्या मधोमध चिडीचूप.

"सोनवणे," मॅडम म्हणाल्या, "ब्रेक तुमच्या उदाहरणालाच न्हाई."

मग त्या फळ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या मळ्यात टिप्या नावाचा कुत्रा आहे. परका माणूस आला की फाडून खातो. पण मालकाच्या घोंगड्याचा वास आला की शेपूट खाली घालून बसतो. तो वास म्हणजे लिगँड. कुत्र्याचं नाक म्हणजे रिसेप्टर. आता चोर हुशार असला तर काय करंल?"

"मालकाचं घोंगडं पांघरंल!" सगळा वर्ग ओरडला.

"हां. कॅन्सरची पेशी तेच करते. अंगावर पीडी-एल-वनचं घोंगडं घेते. शिपाई जवळ येतो, वास घेतो आणि गप बसतो. चोरी चालू राहते."

पोरांनी वह्यांत लिहून घेतलं. खरं सांगतो, मीही लिहून घेतलं.

*

चष्म्याचं हे प्रकरण नंतर रोजचंच झालं. स्टाफरूममध्ये आमचा कितीही दंगा चाललेला असो, मॅडमनी चष्मा काढून मस्टरवर ठेवला की सगळ्यांची दातखीळ बसायची. त्या रागवत नसत. आवाज चढवत नसत. नुसता चष्मा खाली!

साथीच्या दिवसांत शेख सरांनी इम्युनिटीचा काढा करून आणायला सुरुवात केली. मोठा थर्मास भरून. त्यात काय नव्हतं ते विचारा. लवंग, मिरी, दालचिनी, अद्रक, वर कुठलीशी मुळी. सगळ्यांना सक्तीनं एकेक कप. मी पडलो तज्ज्ञ, मला राहवलं नाही.

"सर, इम्युनिटी नुसती वाढवून चालत नाही. ब्रेकसुद्धा लागतो."

"सोनवणे साब, तुम्ही ब्रेकच बघा. मी ॲक्सिलेटर देऊन राह्यलो."

"अहो, पण जादा झालं तर शरीर स्वतःवरच उलटतं!"

"मंग घेऊ नका!"

"न्हाईच घेत!"

आम्ही दोघं हातघाईवर आलो. बाकीच्यांनी दोन पार्ट्या केल्या, एक काढ्याची, एक ब्रेकची. माझ्या पार्टीत मी एकटाच. तेवढ्यात मॅडम आत आल्या, बसल्या आणि चष्मा मस्टरवर ठेवला. शांतता.

त्या शांततेत शेख सर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "घ्या साब. तुमचं लिगँड टेबलावर आलं."

माझी हसून हसून पुरेवाट झाली, तीही तोंडात रुमाल कोंबून. तेव्हापासून मॅडमच्या चष्म्याला आमच्यात लिगँडच म्हणतात. आता काढ्याचं म्हणाल, तर ज्यांनी ज्यांनी घेतला ते सगळे आठवडाभर छातीला हात लावून जळजळ जळजळ करत फिरत होते. माझा विजय झाला असं मला वाटलं. शेख सरांना मात्र तो काढ्याचा गुण वाटला.

*

पोरांची शैक्षणिक सहल दुसरीकडं कुठं जमेना, म्हणून मॅडमच्या मळ्यात न्यायची ठरली. मोसंबीची बाग आहे त्यांची. तिथं गायके काका भेटले. मॅडमचे मिस्टर. अतिशय शांत माणूस. बोलण्यापेक्षा मोसंबी सोलून हातात ठेवणं त्यांना सोपं जातं. मजा म्हणजे तेसुद्धा बायकोला मॅडमच म्हणतात. "मॅडम, चहा ठेवू का?" असं. त्यांच्या तोंडून मॅडमचं नाव कुणी ऐकलेलं नाही.

आणि तिथं टिप्या होता. साखळीला बांधलेला, एका डोळ्यानं आमच्याकडं बघणारा.

आता मला गप बसवलं नाही. "मुलांनो," मी म्हटलं, "मॅडमचं उदाहरण आपण प्रत्यक्ष करून बघू. शास्त्रज्ञानं प्रयोग केला पाहिजे." मी काकांचं घोंगडं अंगावर घेतलं, अगदी डोक्यावरून. पोरांनी मोबाइल काढले. काका काहीतरी सांगायला पुढं आले, पण मॅडम शेजारी उभ्या असल्यानं परत मागं गेले.

मी टिप्याच्या जवळ गेलो. त्यानं वास घेतला. शेपूट खाली घातलं! "बघा!" मी ओरडलो, "लिगँड बाइंडिंग!"

आणि टिप्या माझ्या पोटरीला चावला.

सरकारी दवाखान्यात इंजेक्शन देताना सिस्टरनी विचारलं, "काय करत होता?"

"इनहिबिटरी रिसेप्टरचा प्रयोग."

"मंग डोकं पण दाखवा," त्या म्हणाल्या, "न्हाई, त्याच्यावर काही परिणाम झाला का ते बघते."

मॅडमना मी लंगडत विचारलं, "मॅडम, घोंगडं तर बराबर होतं. मग चावलं कसं?"

"घोंगडं बराबर होतं, सोनवणे. पण तुम्ही त्याच्या कानात ओरडला. थांबायचं सिग्नल होतं, पण चावायचं सिग्नल त्याच्यापेक्षा मोठं झालं. पेशीत बी असंच चालतं. दोन्हीची बेरीज-वजाबाकी होते. हे तुमच्याच थिसिसमध्ये आहे."

होतं. मी लिहिलं होतं. फक्त पोटरीला माहीत नव्हतं.

*

पुढचा किस्सा सांगताना शेख सर नेहमी उठून पाणी प्यायला जातात. डिपार्टमेंटची मीटिंग होती. मॅडमनी चष्मा काढून ठेवला आणि वाचायला सुरुवात केली, म्हणजे चष्म्याशिवाय, पाठ असल्यासारखं.

"विषय पहिला, प्रॅक्टिकल परीक्षेच्या बॅचेस. विषय दुसरा, सिंक. विषय तिसरा, मला किडनीचा कॅन्सर निघालाय, फुफ्फुसात पण गेलाय. ट्रीटमेंटला संभाजीनगरला जावं लागंल. विषय चौथा, गॅदरिंग. सोनवणे, स्टेजचं बघा."

आम्ही सगळे बसलेले. बोलायचं तर खूप होतं, पण चष्मा टेबलावर होता! शेख सरांच्या हातात मिनिट्स लिहायचं पेन होतं, ते कागदावर टेकवून ते तसेच बसले होते. कागदावर शाईचा मोठा ठिपका पसरत गेला.

"लिहा की," मॅडम म्हणाल्या.

"कुठला विषय, मॅडम?"

"सिंकचा."

मीटिंग संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "किडनी काढणारेत. पण फुफ्फुसातल्यासाठी डॉक्टर एक औषध देणारेत. तुमच्याच बटणाचं आहे."

ते औषध टी-पेशीच्या पीडी-वन बटणावर झाकण घालतं. मग चोरानं घोंगडं पांघरलं तरी त्याला बटण दाबता येत नाही. शिपाई जागा होतो आणि तुटून पडतो. ज्यांना लागू पडतं त्यांना छान लागू पडतं. सगळ्यांना पडत नाही.

"मला पडंल का हो, सोनवणे?"

मॅडमनी मला प्रश्न विचारला होता. मला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि ब्रेकचा हा डॉक्टर म्हणाला, "मॅडम, स्टेज पूर्वेकडं तोंड करून बांधू की पश्चिमेकडं?"

त्या हसल्या. "पश्चिमेकडं नको. प्रमुख पाहुण्यांच्या डोळ्यावर ऊन येतं," म्हणाल्या आणि उठल्या.

*

मॅडम रजेवर गेल्या आणि इनचार्ज मी झालो. म्हणजे कुणीच झालं नाही.

आठ दिवसांत स्टाफरूमचा नुसता आठवडी बाजार! टाइमटेबलवरून भांडण, कपाटाच्या किल्लीवरून भांडण, पंख्याखालची खुर्ची कुणाची यावरून भांडण. परकं कुणी नव्हतं हो त्यात. सगळी आपलीच माणसं एकमेकांवर तुटून पडत होती. मी मध्ये पडून "शांत व्हा, शांत व्हा" म्हटलं की आवाज आणखी चढायचा. एकदा तर दोघं जण भांडण थांबवून माझ्यावरच घसरले.

"सोनवणे सर, ब्रेकमध्ये डॉक्टरेट ना तुमची?" एकानं विचारलं. "मंग लावा की!"

मी हात जोडले. मला स्वतःच्या स्कूटरचा लागत नाही.

तेव्हा शेख सर गुपचूप मॅडमच्या केबिनमध्ये गेले. ड्रॉवरमधून त्यांचा जुना चष्मा आणला, एक काडी तुटलेला, दोरा बांधलेला. आणि दंगा चाललेला असताना तो हळूच मस्टरवर ठेवला.

तुम्ही म्हणाल मी वाढवून सांगून राह्यलो. बिलकुल नाही! आवाज बसला. जो उभा होता तो बसला. एकानं तर अर्धा खाल्लेला वडा रुमालात झाकला. मॅडम शंभर किलोमीटरवर हॉस्पिटलात, आणि इथं नुसता चष्मा काम करून राह्यला!

मी मॅडमना फोन करून सांगितलं. वाटलं, हसतील. हसल्या, पण आवाज दमलेला होता.

"ठेवा तिथंच," म्हणाल्या. "आणि सोनवणे, काच पुसत जा. मला दिसलं पाहिजे."

मी रोज सकाळी पुसतो. अजून.

*

औषध चालू झालं. दर काही आठवड्यांनी सलाइनमधून. पहिल्या स्कॅनमध्ये गाठी वाढल्या नव्हत्या. आम्ही खूष. मग एक दिवस मॅडमचा फोन आला की दोन दिवसांपासून जुलाब होऊन राह्यलेत.

माझ्यातला तज्ज्ञ लगेच जागा झाला. "काही नाही, मॅडम. बाहेरचं काही खाल्लं असेल. ताक-भात खा, थोडं मीठ-साखरेचं पाणी घ्या. मोसंबी बंद करा."

पलीकडं काही वेळ शांतता. त्या शांततेवरून मी ओळखलं, चष्मा खाली आलाय.

"सोनवणे, तुमची पीएचडी कशात आहे?"

"ब्रेकमध्ये, मॅडम."

"आणि माझा ब्रेक कोणी काढून ठेवलाय?"

"डॉक्टरांनी."

"टिप्याचं नाक बंद केल्यावर तो काय करंल?"

"मालकाला पण चावेल, मॅडम."

"मालकाच्या आतड्याला चावून राह्यला तो. आणि तुम्ही मला ताक-भात सांगून राह्यला!"

फोन ठेवायच्या आत काकांनी गाडी काढली होती. संध्याकाळपर्यंत त्या ॲडमिट झाल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. शिपाई शांत करायला स्टिरॉइड दिलं आणि ते नवं औषध बंद केलं. मॅडमचा जीव वाचला. पण आता सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. कुत्रा शांत केलाय, म्हणजे चोराला परत मोकळं रान की काय? औषध बंद झाल्यावर फुफ्फुसातल्या गाठी परत वाढतील का? डॉक्टर म्हणाले, ते पुढच्या स्कॅनलाच कळेल.

मी भेटायला गेलो तर मॅडम परीक्षेच्या बॅचेस विचारत बसल्या. काका मला सोडायला लिफ्टपर्यंत आले. इतकं सलग बोलताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

"सर, निदान झाल्यापास्नं मॅडम एकदा बी रडल्या न्हाईत. त्या रडत न्हाईत, तर मंग मला बी रडता येत न्हाई."

मी म्हटलं, "काका, मोसंबी छान होती." माझ्या तोंडाला हे असं काय होतं देव जाणे.

*

आणि मग तो स्कॅनच्या रिपोर्टचा दिवस.

गाडी काकांची, चालवायला मी. शेजारी काका, मांडीवर डॉक्टरांसाठी मोसंबीची पिशवी. मागं मॅडम. शेख सरांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते खजुराचा डबा घेऊन कॉलेजच्या गेटवर उभे होते. जालना बायपासला शेख सर एवढंच म्हणाले, "सोनवणे साब, ब्रेक जरा हळू दाबा, खजूर सांडून राह्यले."

डॉक्टर तरुण होते. आम्हा चौघांना एकदम केबिनमध्ये बघून जरा दचकले. एकच खुर्ची रिकामी होती, तिच्यात मॅडम बसल्या. आम्ही तिघं मागं भिंतीला पाठ लावून, शिक्षा झालेल्या पोरांसारखे उभे.

डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला. पण वाचायच्या ऐवजी ते पेशंटला समजावून सांगायला लागले. चांगला माणूस, नीट समजावून सांगणारा. नेमकं तेच नडलं.

"बघा आई," ते म्हणाले, "तुमच्या शरीरातली प्रतिकारशक्ती म्हणजे समजा एक मोटरसायकल आहे."

मी डोळे मिटले.

"ती भरधाव चाललीय. तिला ब्रेक असतो. आता कॅन्सरची पेशी काय करते, समोरून येऊन तो ब्रेक दाबते. आपण औषधानं तो ब्रेक काढला. मग गाडी जरा जास्तच जोरात गेली, म्हणून आपण औषध थांबवलं. आता प्रश्न असा, की गाडी..."

मॅडमनी चष्मा काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टर गाडीवरच थांबले! बिचाऱ्यांना कळेना आपल्याला काय झालं. त्यांनी टाय जरा सैल केला.

"डॉक्टर," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "समोरून येणारा माणूस माझ्या गाडीचा ब्रेक दाबू शकत न्हाई. हे उदाहरण सोडून द्या. यांनी पण सोडलं." त्यांनी मान न वळवता अंगठा मागं माझ्याकडं केला. "आता रिपोर्ट सांगा. एका वाक्यात."

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. मग मॅडमकडं बघितलं.

"औषध बंद करूनसुद्धा गाठी कमी होत गेल्यात. आता फक्त एक बारीक डाग दिसतोय, बाकी काही दिसत नाहीये."

कुणी बोललं नाही.

मी नाही. शेख सर नाही. काकाही नाही. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. डॉक्टर आमच्याकडं आळीपाळीनं बघायला लागले. त्यांना वाटलं, आम्हाला कळलंच नाही.

"अहो, चांगली बातमी आहे ही!" ते म्हणाले. "तुम्ही कुणी काही बोलत का नाही?"

शेख सरांनी नुसतं बोट दाखवलं. टेबलावरच्या चष्म्याकडं.

डॉक्टरांनी चष्म्याकडं बघितलं आणि तेही गप्प झाले.

मॅडमनी चष्मा उचलायला हात पुढं केला. चष्म्याच्या काडीला बोट लागे आणि ती निसटे. पुन्हा लागे, पुन्हा निसटे. पाठीमागून आम्हाला त्यांचे खांदे दिसत होते.

मग काका भिंतीपासून निघाले. मोसंबीची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. टेबलाजवळ गेले, तो चष्मा उचलला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात टाकून वरून हात दाबून धरला.

"इंदे," ते म्हणाले, "आता रड."

आणि केबिनमध्ये मोठ्यानं हुंदका फुटला. माझा! पिशवी सुटली, मोसंब्या टेबलाखाली गडगडत गेल्या, शेख सर त्या वेचायला म्हणून खाली वाकले ते वर येईचनात.

चष्म्याशिवाय मॅडमना पुढचं माणूस दिसत नाही. पण आवाज त्यांनी बराबर ओळखला. डोळ्याला पदर लावलेला, आवाज फुटलेला, तरी मागं न बघता म्हणाल्या,

"सोनवणे, तुम्हाला न्हाई म्हणले ते!"